फरदडीची फुलं

“घास तोंडात असला की शब्द उंबऱ्याबाहेर ठेवायचा, कोकिळा. चपला ठेवतो तसा.”

माझ्या आईचं हे सांगणं. राळेगावच्या माहेरी, चुलीपुढं भाकरी थापता थापता तिनं मला चातुर्मासाचं मौन शिकवलं. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत जेवायचं ते न बोलता. मधेच शब्द निघाला तर पान सोडून उठायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत अन्नाला शिवायचं नाही. पुढं लग्न होऊन मी दारव्ह्याकडच्या या गावात आले. लेकरू झालं नाही, यजमान गेले, आईही गेली. मौन तेवढं सोबत राहिलं.

मौनात जेवताना जग थोडं लांब सरकतं. विहिरीत वाकलं की वरचे आवाज गोल होऊन येतात, तसं काहीसं. भाकरी मोडल्याचा आवाज, गोठ्यातल्या गाईचं अंग झाडणं, कुणाचं तरी पाणी पिणं, सगळं पाण्याखालून आल्यासारखं येतं. डोळे उघडे असूनही मी जराशी निजलेली असते. आणि घरातली माणसं, मी बोलत नाही म्हणजे मी तिथं नाहीच, असं धरून बोलत असतात.

घरात आम्ही चौघं. दीर वामनभाऊजी, जाऊ शोभा, त्यांची एकुलती एक प्रेरणा, आणि मी. प्रेरणा दारव्ह्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करते. मला मोठीमाय म्हणते, आणि लहानपणापासून माझ्याच खोलीत निजते.

यंदाच्या श्रावणात तिचं पोट वर आलं होतं. गॅस असतील म्हणून मी ओवा देत होते. शोभाच्या मनात मात्र दुसरंच आलं. तिनं औषधाच्या दुकानातून, लघवी तपासून दिवस गेलेत का ते सांगणारी पट्टी आणली. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. म्हणजे दिवस गेलेले.

हे मला कळलं ते नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, जेवताना.

“कोन हाय तो?” भाऊजींनी ताटाकडं बघतच विचारलं.

प्रेरणानं भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच ठेवला. “कोनीच नाही, बाबा.”

“मंग त्या दोन रेघा काय म्या वढल्या?” शोभा म्हणाली.

“मले काय माहीत? पट्टीले विचार.”

“तोंड पाहा हिचं! कॉलेजात काय गेली, मायलेच शिकवून राह्यली.”

“हळू बोल,” भाऊजी म्हणाले. “भिंतीपल्याड रुक्माबाई हाय. तिले कान भाड्यानं आना लागत नाही.”

शोभानं पदराची गाठ सोडली. आत गोळ्या होत्या. कुणाकडून आणल्या होत्या देव जाणे. “आज घे. दोन दिवसांत मोकळी होशीन. घरातलं घरात राहीन.”

प्रेरणानं माझ्याकडं पाहिलं. त्या बघण्यात विनवणी नव्हती. आपण देवाकडं बघतो ना, तो उत्तर देणार नाही हे माहीत असून, तसं ते होतं.

माझ्या तोंडात दोडक्याच्या भाजीचा घास होता. आणि मला एक गोष्ट माहीत होती. माझं सोवळं असतं, म्हणून पाळी आली की प्रेरणा देवघराच्या दाराशी येत नाही, बाजूला बसते. दुसऱ्या कुणाला त्याचा हिशेब नसतो, मला असतो, कारण तेवढे दिवस तुळशीला पाणी घालताना माझ्या मागून गुणगुणणारं कुणी नसतं. या एका महिन्यात ती दोनदा बाजूला बसली होती. तिचे कपडे मीच दोरीवर पाहिले होते. अंगात उष्णता झाली असेल म्हणून मी धण्याचं पाणी केलं होतं. गरोदर बाई कशी बाजूला बसेल?

घास मी गिळला. तो कुठं गेला कळलं नाही.

“शोभा, त्या गोळ्या खाली ठेव.”

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. भाऊजींचा हात ताटावर थांबला.

“बाई! तुमचं मौन...” शोभा म्हणाली.

“मोडलं. मोडलंच हाय तर पुरं ऐक. पोट्टी या महिन्यात दोनदा बाजूले बसली, म्या पाह्यलं. पट्टी काय म्हनते ते मले समजत नाही, पन हे लेकरू खोटं बोलत नाही. उद्या यवतमाळले मोठ्या डॉक्टरले दाखवू. तो हो म्हनला, तर मंग जे करायचं ते करा.”

एवढं बोलून मी पानावरून उठले. हात धुऊन तुळशीपुढं उभी राहिले आणि क्षमा मागितली. ऊन पडलं होतं, वारा नव्हता, तरी मंजिरी हलत होती. देव रागावला की हसला, ते मला आजही सांगता येत नाही.

मागं शोभा रडत होती. गोळ्या तिनं पुन्हा पदरात बांधल्या, पण दिल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी जीपनं दारव्हा, आणि तिथून एसटीनं यवतमाळ. वाटभर दोन्ही बाजूंनी कपाशी हिरवीगार. प्रेरणा खिडकीशी बसली होती, पोटावर ओढणी धरून. चौघांचंही मौन चालू आहे आणि समोर पान मात्र नाही, असं मला वाटत राहिलं.

तिथले मोठे डॉक्टर म्हणजे सलील डॉक्टर, मूळचे राजूरचे. वडील कोळशाच्या खाणीत होते म्हणे. अंगापिंडानं थोराड, आवाज मात्र ओल्या मातीसारखा. त्यांनी पोटावरून सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं, बराच वेळ पडद्याकडं पाहिलं, आणि आम्हाला आत बोलावलं.

“गर्भपिशवी रिकामी आहे,” ते म्हणाले.

शोभाच्या तोंडून जो आवाज निघाला तो हुंदका होता की हसू, ठरवता यायचं नाही. भाऊजींनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

“थांबा. डाव्या बाजूच्या बीजकोषात गाठ आहे. मोठी आहे. आधी रक्त तपासू.”

रक्ताचे कागद यायला काही दिवस गेले. त्या दिवसांत शोभा रोज प्रेरणाच्या केसांना तेल लावायची. आधी कधी लावत नसे.

पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांना बसवलं. चहा मागवला. डॉक्टरनं चहा मागवला की समजावं, असं भाऊजी नंतर म्हणाले.

“म्हंजे ती पट्टी खोटी होती,” शोभा म्हणाली.

“नाही, मावशी. पट्टी खरंच बोलली. तिला एकच द्रव्य ओळखता येतं. गर्भ राहिला की त्याला पोसणारी वार ते बनवायला लागते. ते द्रव्य हिच्या अंगात आहे. फक्त गर्भ नाही. ते द्रव्य गाठच बनवते आहे.”

“गाठीले कसं जमते ते?” भाऊजींनी विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आईच्या पोटात आपण एका पेशीपासून घडतो, काका. त्या वेळी काही जनुकं फार जोरात असतात. जनुकं म्हणजे पेशीच्या आत लिहिलेले हुकूम. वाढ. तिकडं सरक. तू हात हो, तू डोळा हो. घडण झाली की यातली बरीचशी गप्प बसतात. जन्मभर गप्प. कधी एखाद्या पेशीत ती गप्प बसायचीच राहतात, कधी बिघाड होऊन पुन्हा बोलायला लागतात. मग त्या पेशीला वाटतं, आपण अजून गर्भातच आहोत. ती वाढत सुटते, जागा सोडून सरकायला लागते. बऱ्याच कॅन्सरमध्ये थोड्याफार फरकानं हे सापडतं. बीजकोषाच्या अशा गाठीत तर ते अगदी उघड दिसतं.”

कॅन्सर हा शब्द त्यांनी बोलण्याच्या मधे, पाण्यात खडा सोडावा तसा अलगद सोडला. वर्तुळं आमच्यापर्यंत यायला वेळ लागला.

सगळ्यांत आधी प्रेरणा बोलली. “म्हंजे फरदड.”

आमच्याकडं कपाशीची वेचणी आटोपली की झाडं उपटून रान मोकळं करतात. काहीजण उपटत नाहीत. वाळलेल्या झाडांना पुन्हा पाणी देतात, आणि ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांना पालवी फुटते, फुलं येतात. ती फरदड. दिसायला फार गोड दिसते. पण हंगाम नसताना आलेल्या त्या बोंडांत गुलाबी अळीला घर मिळतं, आणि ती पुढल्या पिकात उतरते. शेतकी खात्याचे लोक दरवर्षी सांगून जातात, फरदड घेऊ नका.

डॉक्टर तिच्याकडं बघतच राहिले. “फरदडच. झाड तेच, फूलही तेच. हंगाम चुकलेला.”

“मंग उपटा,” प्रेरणा म्हणाली.

शोभा एकदम बोलली, कुणी विचारलं नसताना. “ही पोटात होती तवा ग्रहन लागलतं. म्या इळी हातात घेतलती, साहेब. भेंडी चिरली. सासूबाईनं नको म्हनलं होतं.”

“मावशी,” डॉक्टर म्हणाले, “विळीनं भेंडीच चिरली जाते. जनुकं चिरली जात नाहीत. यात कुणाची चूक नाही. तुमची नाही, हिची तर नाहीच.”

शोभानं मान हलवली. पटलं होतं का, माहीत नाही. पण घरी जाताना एसटीत ती प्रेरणाच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. लेक ताठ बसलेली आणि आई झोपलेली.

शस्त्रक्रिया नागपूरला झाली. सलील डॉक्टरांनी तिथल्या ओळखीच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली होती. ही गाठ औषधाला ऐकणाऱ्यांपैकी आहे, असं ते पुन्हापुन्हा सांगत होते. डावा बीजकोष जाईल, उजवा राहील. नंतर सलाईनमधून औषधं. केस जातील, परत येतील.

तिला आत नेलं तेव्हा सकाळ होती. मी बाहेरच्या बाकावर जपमाळ घेऊन बसले. आदल्या दुपारी तिनं मला तिच्या पुस्तकातलं एक चित्र दाखवलं होतं, आईच्या पोटातल्या काही आठवड्यांच्या गर्भाचं. वाकलेला, मोठ्या डोक्याचा, आणि मागं चक्क शेपटी.

“हे माकडाचं हाय का गं?”

“मानसाचं. तुलेही होती, मोठीमाय. बाबालेही होती.”

“मंग गेली कुठं?”

“विरली. काम झालं की त्या पेशी आपल्या आपनच निघून जातात.”

“शहाण्या हायत मग.”

आता माळ ओढता ओढता समोरून माणसं जात होती. कुणी डबा घेऊन, कुणी कागद घेऊन. वॉर्डातल्या सिस्टर, काठी टेकत जाणारा पहारेकरी, रडून डोळे सुजलेली एक बाई. मला त्या सगळ्यांच्या मागं ती विरलेली शेपटी दिसायला लागली. अगदी पुसट, धुक्यातल्या वाटेसारखी. सगळेच कधी तरी असे वाकून, डोळे मिटून, अंधारात हुकमाची वाट बघत होते. मला कुणाचाच राग येईना. 

कधी डोळा लागला कळलं नाही. मी शेतात होते. वेचणी संपलेलं रान, कपाशीच्या वाळक्या काळपट पऱ्हाट्या, आणि त्यांच्यावर फुलं. आज उमललेली पिवळी, काल उमललेली गुलाबी. एका झाडाखाली कुणीतरी बसलं होतं. बोटांच्या जागी कळ्या, डोळे मिटलेले, चेहरा अजून ठरलेला नाही. त्यानं मला विचारलं, “मी कोन होऊ?” साध्या आवाजात, वाट चुकलेलं लेकरू विचारतं तसं. हीच ती गाठ, हे मला स्वप्नातही कळत होतं. हिनंच माझ्या पोरीचं रक्त प्यायलं. तरी मी जवळ बसले. माझ्यापुढं पान नव्हतं, म्हणून बोलता येत होतं. मी म्हटलं, “बाळा, कोनी होऊ नको. हा तुझा हंगाम नाही. नीज आता.” ते ऐकत होतं. मग वारा आला, आणि फुलं एकेक करून मिटायला लागली, आवाज न करता.

“वहिनी.” भाऊजी माझा खांदा हलवत होते. “झालं. बाहेर आनलं तिले. उजवी बाजू शाबूत हाय म्हनतात.”

मी माळ कपाळाला लावली.

आता आजार औषधाच्या हाती गेला. पण तिकडं गावात दुसरीच गोष्ट वाढत होती. रुक्माबाईनं त्या दिवशीचं भिंतीपलीकडून ऐकलं होतं. तिच्याकडून ते कुणाकुणाकडं गेलं, आणि फोनवरून कॉलेजपर्यंत. आम्ही पोरीला घेऊन यवतमाळला गेलो, मग नागपूरला गेलो, म्हणजे कशाला गेलो, हे गावानं आपलं आपण ठरवून टाकलं.

एकदा औषधाचं सलाईन चालू असताना प्रेरणानं मला फोन दाखवला. तिच्याच वर्गातल्या कुणी लिहिलं होतं, ‘मोकळी झाली का?’ खाली हसणारी तोंडं.

“म्या सांगतो सगळ्याईले,” भाऊजी म्हणाले. “अपेंडिक्स झालतं म्हनून. कॅन्सर म्हनलं तर लग्नाचं अवघड. ते दुसरं म्हनलं तर नाकच गेलं. अपेंडिक्स बरं. अपेंडिक्सले कोनी नाव ठेवत नाही.”

शोभाला ते पटलं. दोघं खाली चहाला गेले तेव्हा प्रेरणानं डोक्यावरची ओढणी सारखी केली. केस उशीवर पडायला लागले होते. एक केस तिनं उचलून उजेडात धरला.

“मोठीमाय, बाबा अपेंडिक्स सांगतीन. लोकं मान डोलावतीन. अन् मनात त्या दोन रेघाच ठेवतीन. मी बरी होऊन गेली, तरी प्रत्येक घरात त्या रेघा माह्या आधी जाऊन बसलेल्या राहतीन.”

“मंग काय करू म्हनतेस?”

“तू जाजो. जिथं जिथं ते बोलनं गेलं, तिथं तिथं. फोनवर नको. दारात उभी राहून सांगजो, काय झालतं ते. पट्टी काहून तशी बोलली ते. कॅन्सर हा शब्दही सांगजो.”

“अन् लग्नाचं?”

“ज्याले खरं ऐकून पळायचं हाय, त्याले आताच पळू दे.”

मी तिच्या हाताकडं बघत होते. सुई लावलेल्या जागी निळं पडलं होतं. “मले कसं जमंन गं? चार बायांत माहा आवाज निघत नाही. भजनाले जातो तर कोपऱ्यात बसतो.”

“तोंडात घास असताना बोललीस,” ती म्हणाली. “आता रिकाम्या तोंडानं बोलाले काय जड?”

मी हसले. आणि हसता हसताच तिच्या त्या निळ्या हातावर माझा हात ठेवला. “जातो. तू घरी यायच्या आधी जातो.” शब्द दिला. देवाला दिलेल्या शब्दापेक्षा तो मला भारी वाटला, कारण देव सांभाळून घेतो.

सोयाबीन काढायला आलं तेव्हा भाऊजी आणि मी गावी परतलो. शोभा नागपूरला प्रेरणाजवळ राहिली. औषधाचा शेवटचा फेरा उरला होता. रक्तातलं ते द्रव्य उतरत चाललं आहे, पट्टीवर आता एकच रेघ येईल, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

आज सकाळी पूजा आटोपली. पोथीचा अध्याय वाचला. सूर्याला अर्घ्य देताना पाण्याच्या धारेतून गाव दिसलं, कौलं, पत्रे, झाडं, सगळं हलणारं, अजून पक्कं न झालेलं. मग मी मौनानं जेवले. घासाघासाला वाक्य जुळवत होते. ‘बाई, आपल्या सगळ्यांच्या अंगात जन्माआधीचे काही हुकूम असतात...’ हे जमेना. ‘तुम्ही फरदड पाह्यली हाय ना?’ हे बरं वाटलं. तिथून सुरू करता येईल.

हात धुतले आणि घरोघर सांगायला निघते आहे, असं भाऊजींना सांगितलं. ते ओसरीवर पोत्यांची तोंडं शिवत होते.

“वहिनी, आपन अपेंडिक्स ठरवलं होतं.”

“तुम्ही ठरवलं होतं, भाऊजी. तिनं मले दुसरं सांगितलं. म्या शब्द देऊन बसली.”

त्यांनी दाभण थांबवला. “लोकं इचारतीन, वामन काय घरात लपून बसला का म्हनून.”

“इचारू द्या.”

“मले नाही जमनार तो शब्द बोलाले.”

“तुम्हाले कोन म्हनते? मले सांगितलं हाय तिनं.”

ते पुन्हा शिवायला लागले. मी पायऱ्या उतरले तेव्हा मागून आवाज आला, मान वर न करता.

“रुक्माबाईपासून सुरू करा. तिले सांगितलं की बाकीच्या घरी ते तुमच्या आधी पोचते.”

“म्हनूनच तिच्याकडं शेवटी जाईन,” मी म्हटलं. “आधी मले पोचायचं हाय.”

ते हसले की काय, मी वळून पाहिलं नाही. डोक्यावरून पदर घेतला. गल्लीत मळणीचा भुसा तरंगत होता, उन्हात सोनेरी, खाली यायची काही घाई नसलेला. वरच्या आळीतलं पहिलं दार उघडं दिसत होतं. मी हळूहळू तिकडं चालू लागले.